कोरटकरांची दोन पिढ्यांची वकिली

केशवराव कोरटकर आणि त्यांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव कोरटकर विद्यालंकार या दोघांनी मिळून हैदराबादच्या सार्वजनिक जीवनात सुमारे सात दशके काम केले. केशवराव (१८६७–१९३२) वकील होते, निजामाच्या कायदेमंडळाचे सभासद होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. विनायकराव बॅरिस्टर होऊन आले, आर्य समाजाचे पुढारी झाले, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतल्यावर, हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. नागरी हक्क हा शब्द ज्या राज्याच्या कायद्यात कुठेच नव्हता, त्या राज्यात या बापलेकांनी हक्कांची भाषा अर्जातून, अपिलातून, शाळेच्या परवानगीसाठी केलेल्या पत्रव्यवहारातून आणि अखेरीस न्यायालयावरच्या बहिष्कारातून बोलून दाखवली. मराठवाड्याच्या इतिहासात सत्याग्रहींना आणि सशस्त्र लढ्याला रास्त मान मिळाला आहे. वकिलांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले.

हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड हे तीन भाषाप्रदेश त्यात होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी मुलखाचे. १८८४ मध्ये राज्यकारभारातून फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली. मोठा मुलूख जहागिरींचा आणि निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फेखासचा होता. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार. त्याच्याशी सामान्य रयतेने सरळ बोलावे अशी सोय नव्हती. जमीनदारांचे हितसंबंध दरबाराशी बांधलेले होते आणि सरकारी नोकरांना राजकारण वर्ज्य होते. व्यापारी परवान्यांवर अवलंबून होते. राहिले वकील. सरकारी अधिकाऱ्यासमोर उभे राहून त्याचा हुकूम चुकला आहे असे म्हणणे हे ज्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होते, असा वर्ग त्या राज्यात एवढा एकच होता. तिन्ही भाषांच्या प्रदेशांतले पहिल्या पिढीचे पुढारी मोठ्या संख्येने वकील निघाले, याचे कारण इथे आहे.

केशवरावांचा जन्म वसमत तालुक्यातल्या पुरजळ या खेड्यातला. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोली जिल्ह्यात आहे. घरची स्थिती बेताची होती. त्यांनी वकिलीची सुरुवात गुलबर्ग्याला केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हैदराबादला आले.

त्या काळच्या वकिलाचे काम नेमके कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या कामाचा अर्थ लागत नाही. वकिलीच्या सनदा दर्जानुसार मिळत. अव्वल दर्जाच्या वकिलाला वरच्या न्यायालयात उभे राहता येई. मराठी मुलखातला पक्षकार आपली हकीकत मराठीत सांगे. त्याच्याजवळची जुनी कागदपत्रे मोडीत असत, दावा मात्र उर्दूत लिहावा लागे आणि त्यावर फसली सन, म्हणजे संस्थानच्या कारभारातली कालगणना, घालावी लागे. आजूर, दै, बहमन हे महिने आणि १३३९ सारखी वर्षे वकिलाच्या जिभेवर असत. कुळाच्या तोंडची तक्रार कायद्याच्या उर्दूत नेताना तिचा प्राण जाऊ नये, हे खरे कसब होते. या कामात वकिलाला राज्यकारभाराची आतली रचना कळत जाई. हुकूम कोणत्या खात्यातून निघाला, तो जरीद्यात, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापला गेला की नुसती तोंडी ताकीद होती, त्यावर अपील कोणाकडे चालते, हे त्याला पाठ असे. बिनकायद्याची ताकीद आणि कायद्याचा हुकूम यांतला फरक दाखवून देणे ही नागरी हक्काची पहिली पायरी असते. केशवरावांच्या पिढीने ती ओलांडली. यात सनसनाटी काही नव्हते, म्हणून ते कोणी फारसे लिहून ठेवले नाही.

हैदराबादेत केशवरावांचे वर्तुळ मोठे आणि मिश्र होते. सुलतान बाजारातल्या आर्य समाजाशी त्यांचा जवळचा संबंध होता. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय शहराच्या सार्वजनिक जीवनात होते. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेवर जाहीर चर्चा व्हावी, असा आग्रह धरल्याबद्दल अघोरनाथांना संस्थानाबाहेर काढले गेले होते. रेल्वेच्या कर्जाचा हिशेब मागणे एवढाच अपराध. चर्चा मागणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा होऊ शकते, हे त्या शहरातल्या सुशिक्षितांना केशवराव तिथे येण्याआधीच कळून चुकले होते. पुढे वेदाभ्यासक म्हणून कीर्ती मिळवलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. ते केशवरावांचे सहकारी झाले. सातवळेकर, केशवराव, वामनराव नाईक अशा मंडळींच्या धडपडीतून १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली. सातवळेकरांना राजकीय दडपणामुळे लवकरच शहर सोडावे लागले. शाळा टिकली.

शाळा आणि नागरी हक्क यांचा संबंध आज चटकन ध्यानात येत नाही. सरकारी शिक्षणाचा कल उर्दूकडे होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो फार मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण ती भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. पुढे खासगी शाळा काढायलाही सरकारी परवानगी सक्तीची झाली. म्हणून मराठी शाळा चालू ठेवणे म्हणजे दरवर्षी परवानगी, मान्यता आणि तपासणी या मार्गाने सरकारशी कायदेशीर झुंज देणे होते. विवेकवर्धिनीच्या मागे वकील उभे होते, त्याचे कारण हे.

संस्थानचे कायदेमंडळ १८९३ च्या सुमारास अस्तित्वात आले. त्यात सरकारी सभासदांचे बहुमत असे. बिनसरकारी जागा थोड्या, आणि त्यांपैकी काही जहागीरदार व वकील यांनी आपापल्या वर्गातून भरायच्या. सामान्य प्रजेला मत नव्हते. दीड कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या राज्यात वकिलांना मात्र आपला माणूस पाठवता येत होता. केशवराव या मंडळाचे सभासद होते. अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार तिथे नव्हता आणि प्रश्न विचारण्यावरही बंधने होती. तरीही विधेयकाच्या मसुद्यातला शब्द बदलून घेता येई, आणि वकिलाला शब्दाची किंमत माहीत असते. १९१९ मध्ये निजामाने कार्यकारी मंडळ नेमले आणि कायदेमंडळाच्या विस्ताराबाबत अहवाल देण्याचे काम निवृत्त न्यायाधीश राय बालमुकुंद यांच्याकडे सोपवले. अहवाल झाला. अंमलबजावणी झाली नाही. न्यायाच्या बाबतीत मात्र एक मोठी सुधारणा याच काळात झाली. १९२१ च्या फर्मानाने न्यायखाते महसुली अंमलदारांच्या हातून वेगळे केले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्यासाठी काँग्रेस कित्येक वर्षे ठराव करीत होती, ते हैदराबादेत आधी घडले. मुसा नदीच्या दक्षिण काठावरची उच्च न्यायालयाची तांबूस दगडी इमारत १९२० मध्येच खुली झाली होती. त्या न्यायालयात पुढे केशवराव न्यायाधीश म्हणून बसले. न्यायालय स्वतंत्र पण प्रजा बिनहक्काची, अशी ही विलक्षण स्थिती होती. हक्कच कायद्यात नसला, तर स्वतंत्र न्यायाधीश तरी बजावणार काय?

केशवरावांच्या पिढीच्या कामाला एक उणी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे, जागा विवेकवर्धिनीची. कामकाज इंग्रजी, उर्दू आणि मराठीत चालले होते. वकील आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा सभेतल्या मराठी श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. त्याच रात्री तेलुगू मंडळी टेकुमल्ला रंगराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव आणि बूर्गुल रामकृष्णराव हे त्यातलेच, आणि तेही वकील. आपल्या भाषेच्या शाळेसाठी सरकारशी भांडणाऱ्या समाजाने शेजारच्या भाषेला आपल्याच मंडपात बोलू दिले नाही. केशवराव व वामनरावांसारख्या पुढाऱ्यांचा व्यवहार तेलुगू मंडळींशी स्नेहाचा होता, पण त्या सभेचा दोष एकट्यादुकट्या हुल्लडबाजांवर टाकून मोकळे होता येत नाही. संख्येने कमी असूनही राजधानीच्या सार्वजनिक जीवनात मराठी मंडळी वरचढ होती आणि त्या वरचढपणाची तिला सवय झाली होती. आंध्र जन संघातून पुढे आंध्र महासभा झाली आणि तेलंगणाच्या राजकारणाचा प्रवाह तिथून वेगळा वाहू लागला.

सभास्वातंत्र्यावर सर्वांत मोठा घाव १९२९ मध्ये बसला. गश्ती निशाण ५३ या परिपत्रकाने सरकारी परवानगीखेरीज जाहीर सभा घेण्याची सोय उरली नाही. त्याआधीही राजकीय सभांवर बंधने होतीच. त्यामुळे हैदराबाद राजकीय परिषदेचे अधिवेशन हैदराबादेत कधी भरू शकले नाही. पहिले १९२३ मध्ये काकिनाड्याला, पुढची मुंबई, पुणे आणि अकोला इथे, अशी ती परमुलखात भरली. वकिलांनी या बंदीला तोंड देण्याचा मार्ग आपल्या कामातूनच काढला. परवानगीचा अर्ज करायचा, नकार आला की त्याची कारणे मागायची, कारणे आली की त्यांतली विसंगती दाखवायची. बहुतेक वेळा सभा होत नसे. पण सरकारला नकार कागदावर द्यावा लागे, आणि असे नकार पुढच्या पिढीच्या हाती पुरावा म्हणून आले. केशवरावांचे १९३२ मध्ये निधन झाले तेव्हा गश्ती ५३ जशीच्या तशी होती.

विनायकरावांची घडण वेगळी झाली. ते गुरुकुल कांगडीचे विद्यार्थी. विद्यालंकार ही तिथलीच पदवी. पुढे विलायतेत बॅरिस्टर होऊन त्यांनी हैदराबादेत वकिली सुरू केली. गुरुकुलाचे हिंदी-संस्कृत, न्यायालयाचे उर्दू, कायद्याचे इंग्रजी आणि घरची मराठी या चारही भाषांत वावरणारा हा माणूस होता. हैदराबादच्या आर्य प्रतिनिधी सभेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

आर्य समाजाच्या तक्रारी वरवर धार्मिक होत्या: यज्ञकुंड बांधायला परवानगी, प्रवचनकारांना प्रवेश, मिरवणुकीवरची बंधने. पण त्यांचे मूळ सभा, संचार आणि लेखन यांच्या स्वातंत्र्यात होते. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये तिचा सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये तो थांबवला गेला. आर्य समाजाचा सत्याग्रह मात्र १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला आणि देशभरातून हजारो सत्याग्रही त्यात आले. या लढ्यातही वकील पुढे होते. उदगीरचे भाई श्यामलाल वकील होते. बिदरच्या तुरुंगात डिसेंबर १९३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे बंधू भाई बन्सीलाल हेही वकील. सत्याग्रहाच्या नेत्याला सर्वाधिकारी म्हणत. एकामागून एक सात सर्वाधिकारी तुरुंगात गेले. आठवे विनायकराव. त्यांची तुकडी निघण्याआधी सरकारने सुधारणा जाहीर केल्या आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेतला गेला. सर्वाधिकारी म्हणून तुरुंगात जाण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

त्या सुधारणांच्या मागेही एका मराठी वकिलाचा हात होता. १९३७ मध्ये दिवाणबहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीवर काशीनाथराव वैद्य सभासद होते. समितीच्या अहवालावर आधारलेली घोषणा जुलै १९३९ मध्ये झाली. प्रादेशिक मतदारसंघांऐवजी धंदा आणि हितसंबंध यांनुसार प्रतिनिधित्व द्यायचे, अशी तिची रचना होती. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी तिने पुरी केली नाही आणि स्टेट काँग्रेसने ती नाकारली. समितीत बसणे योग्य की तुरुंगात जाणे, हा वाद तेव्हा तीव्र होता. काशीनाथरावांचा मार्ग मवाळ होता, पण सरकारी टेबलावर बसून सुधारणेचा मसुदा वाचणारा माणूस प्रजेच्या बाजूचा असणे ही गोष्ट कमी मोलाची नव्हती. विनायकराव या दोन मार्गांच्या मध्ये उभे दिसतात: एका हातात सत्याग्रह, दुसऱ्यात वाटाघाट.

१९४० मध्ये विनायकरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था सुरू केली. पुतळा किंवा सभागृह उभारण्यापेक्षा शाळा काढणे हे केशवरावांच्या कामाशी सुसंगत होते.

स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली, आणि वर्षभरात परिस्थिती पार बदलली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद स्वतंत्र राहणार, असा निजामाचा पवित्रा होता. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांचे हल्ले वाढत गेले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हाही लातूरचा वकील होता. वकिलीचा धंदा माणसाला आपोआप कायद्याच्या बाजूने उभा करत नाही, हे त्यातून कठोरपणे दिसते. गावे लुटली जात असताना फिर्याद घ्यायला पोलीस तयार नाहीत आणि साक्षीदार न्यायालयापर्यंत जिवंत पोचण्याची खात्री नाही, अशा वेळी वकालतनाम्यावर सही करण्यात अर्थ उरला नव्हता. १९४८ मध्ये हैदराबादच्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. विनायकराव त्यात आघाडीवर होते. सनद हे वकिलाचे पोट असते. तरीही अनेकांनी काळा कोट काढून ठेवला आणि काही सरहद्दीवरच्या, लढ्याच्या कॅम्पांकडे गेले. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीची सूत्रे सांभाळणारे दिगंबरराव बिंदूही वकीलच. केशवरावांच्या पिढीने नकार कागदावर मागितला होता. विनायकरावांच्या पिढीला तो कागदच निरर्थक झालेला पाहावा लागला. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हक्कांसाठी मरण पत्करणाऱ्यांत मुसलमानही होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या स्मरणात ठळकपणे राहायला हवी.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत, विशेषतः उस्मानाबाद, बिदर, नांदेड, गुलबर्गा या जिल्ह्यांत, मुसलमानांवर भीषण अत्याचार झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या घरात असावी, असा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आलाच नाही. नागरी हक्कांचा विचार एका समाजापुरता करता येत नाही, आणि त्या वर्षाचा इतिहास लिहिताना हे पान वगळणे म्हणजे ज्यांच्यासाठी न्यायालये बंद होती, त्यांच्यातून अर्धे वगळणे होय.

जून १९५० मध्ये केंद्राने नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी यांच्या मंत्रिमंडळात स्टेट काँग्रेसचे चौघे घेतले गेले: बूर्गुल रामकृष्णराव, विनायकराव, फूलचंद गांधी आणि व्ही. बी. राजू. १९५२ ची निवडणूक ही प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक. १७५ सभासदांची विधानसभा अस्तित्वात आली. मार्चमध्ये बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि काशीनाथराव वैद्य सभापती. विनायकराव मंत्रिमंडळात होते. अर्थ, वाणिज्य, उद्योग अशी खाती त्यांनी सांभाळली. गृहखाते बिंदूंकडे होते. पब्लिक गार्डनमधल्या टाऊन हॉलच्या पांढऱ्या इमारतीत उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांत भाषणे होत. १९२१ च्या सभेत जे जमले नाही, ते सभापती झालेल्या एका मराठी वकिलाला आता रोज सांभाळायचे होते.

सत्तेवर आलेल्या या वकिलांची परीक्षा लवकरच झाली. बाहेरच्यांना सरकारी नोकऱ्या दिल्या जातात, या तक्रारीतून मुल्की आंदोलन पेटले आणि ३ व ४ सप्टेंबर १९५२ रोजी शहरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. सभाबंदीविरुद्ध आयुष्य घालवलेली माणसे सरकारात असताना हे घडले. सरकारने न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांची चौकशी नेमली आणि विधानसभेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही. पण चौकशी उघड झाली, अहवाल लिहिला गेला, आणि मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागले. गश्ती ५३ च्या काळात यांतले काहीच शक्य नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. काही मराठी पुढारी मराठवाड्याच्या राजकारणाकडे वळले. विनायकराव हैदराबादेतच राहिले. पुढच्याच वर्षी तेलुगू राज्याच्या राजधानीतून काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते लोकसभेवर निवडून आले. मराठी मतांच्या बळावर हे शक्य नव्हते. उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या शहराने त्यांना आपला प्रतिनिधी मानले. दुसऱ्या लोकसभेची मुदत १९६२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या काळात नागरी हक्कांची वकिली हैदराबादेत थांबली नाही. आणीबाणीच्या आगेमागे के. जी. कन्नाबिरन आणि पुढे के. बालगोपाल यांनी पोलीस चकमकींतल्या मृत्यूंचे प्रश्न मुसा काठच्या त्याच इमारतीत नेले. त्यांच्या हाती घटनेचे एकविसावे कलम होते. केशवरावांच्या हाती फक्त जरीदा होता.

कोरटकरांच्या कामाची साधने विखुरलेली आहेत. कायदेमंडळाचे कामकाज, न्यायालयीन निवाडे, सभांचे नाकारलेले अर्ज हे बहुतांशी उर्दूत आहे आणि संस्थानी दप्तराचा मोठा भाग तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. मराठी अभ्यासकांनी आठवणी आणि गौरवग्रंथ यांवर भर दिला. उर्दू वाचता येणारे हात या कामाला फार कमी लागले. केशवरावांनी कोणत्या विधेयकावर काय दुरुस्ती सुचवली, न्यायाधीश म्हणून त्यांनी कोणते निवाडे दिले, १९४८ च्या बहिष्कारात कोणत्या तालुक्यातल्या किती वकिलांनी सनद बाजूला ठेवली, याची नोंद त्या कागदांतून काढावी लागेल.